अर्ल लॉइड आणि चक कूपर: एनबीएतील ‘पहिला’ नेमका कोण?

एनबीएतील, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण, असे विचारले की कुणी अर्ल लॉइड यांचे नाव घेतो, तर कुणी चक कूपर यांचे. आणि दोघांनाही पूर्णपणे चूक ठरवता येत नाही, कारण 1950 या एकाच वर्षातील दोन निरनिराळ्या घटनांची येथे सरमिसळ झालेली आहे.

25 एप्रिल 1950 रोजी झालेल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या बैठकीत, बोस्टन सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी दुसऱ्या फेरीत ड्युकेन विद्यापीठाच्या कूपर यांना निवडले. त्यापूर्वी एनबीएच्या कोणत्याही संघाने ड्राफ्टमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू निवडला नव्हता. लॉइड यांचे नाव वॉशिंग्टन कॅपिटल्सने त्याच ड्राफ्टमध्ये घेतले, पण थेट नवव्या फेरीत. पुढे हंगाम सुरू झाला तेव्हा कॅपिटल्सचा सामना 31 ऑक्टोबरला रॉचेस्टर येथे, तर सेल्टिक्सचा दुसऱ्या दिवशी फोर्ट वेन येथे होता. एवढ्या एका दिवसाच्या फरकाने प्रत्यक्ष खेळण्याचा पहिला मान लॉइड यांच्याकडे गेला. त्या सामन्यात त्यांनी 6 गुण मिळवले.

वेळापत्रकाने दिलेल्या मानापेक्षा ब्राउन यांच्या निर्णयाचे वजन मला अधिक वाटते. कूपर संघात आहेत म्हणून 1946 मध्ये टेनेसी विद्यापीठाने ड्युकेनविरुद्ध खेळण्यास नकार दिला होता, हे पाहिले म्हणजे त्या निवडीतील धोका कळतो. एनबीएत आल्यावरही नॉर्थ कॅरोलायनातील रॅली शहरात हॉटेलाने कूपर यांना खोली नाकारली, तेव्हा सहकारी बॉब कूझी त्यांच्यासोबत रात्रीच्या रेल्वेने निघून गेले.

खेळाडू म्हणून मात्र लॉइड यांची कारकीर्द मोठी. सात सामन्यांनंतर त्यांना लष्करात जावे लागले आणि दरम्यान कॅपिटल्स संघच बंद पडला; परत आल्यावर ते सिरॅक्यूज नॅशनल्सकडून खेळले आणि 1955 मध्ये जिम टकर यांच्यासह विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. पुढे ते डेट्रॉइट पिस्टन्सचे प्रशिक्षकही झाले. कूपर सहा हंगामांत निवृत्त झाले, समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पिट्सबर्गमध्ये उद्यान विभागाचे प्रमुख झाले. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, लॉइड 2003 मध्ये, हयातीतच, पोहोचले. 1984 मध्ये निधन पावलेल्या कूपर यांचा समावेश व्हायला 2019 उजाडले.