उतारावर ट्रकला इंजिन कसं धरतं?

सेमाडोह-घटांगकडून परतवाड्याला सागवान आणणारा ट्रक असो, नाहीतर बुलडाण्याहून राजूर घाटाने मोताळ्याकडे उतरणारा सरकीचा. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची सवय काही ड्रायव्हरांची अजून सुटलेली नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: डिझेल वाचतं. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांत ते वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाला चाकंच फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा पार बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. इंजिन बंद करून उतरणारे तर धन्यच! ब्रेकसाठी टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

२५ टनांचा ट्रक ३०० मीटर खाली उतरला, की सुमारे सात कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. सव्वादोनशे लिटर पाण्याला उकळी आणेल इतकी ती असते. ती सगळी ब्रेकवर सोडली तर चाकातला ब्रेकचा ड्रम तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापतो. (आपल्याकडे ब्रेक फेल झाले की मे महिन्याच्या उन्हाला दोष देतात. पण एवढ्या तापलेल्या ड्रमला बाहेरचे वीस अंश कमी काय नि जास्त काय!) तापलेला ड्रम फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरची पकडही ढिली पडते. पाय दाबलेला असतो, हवा असते, तरी गाडी थांबत नाही.

मग इंजिनावर भार टाकायचा. पण डिझेल इंजिन मुळात फारसं धरत नाही. पेट्रोल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप असते, ती मिटली की पिस्टनला ओढ बसते. डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते. पिस्टन ती दाबतो खरा, पण दाबलेली हवा लगेच त्याला परत खाली ढकलते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबून पाहा, तो हातात उलटा येतो. दांडा खाली पोचताच अंगठा काढला, तर हवा निघून जाते आणि दांडा परत येत नाही. कॉम्प्रेशन ब्रेक हेच करतो: पिस्टन वर पोचला की धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. अमेरिकेत १९३१ साली डिझेल इंजिनं बनवणाऱ्या क्लेसी कमिन्स यांचा डिझेल ट्रक कॅलिफोर्नियातल्या कहोन घाटात ब्रेक निकामी होऊन रेल्वेला धडकता धडकता वाचला होता. पुढे त्यांनीच हा ब्रेक शोधला आणि १९६१मध्ये तो बाजारात आला. आपल्या ट्रकांत जास्त करून दिसतो तो साधा एक्झॉस्ट ब्रेक. त्यात धूर जाण्याची वाट झडपेने अडवतात.

दोन्हींचा जोर इंजिनाच्या फेऱ्यांवर असतो. फेरे जास्त तर पकड जास्त, म्हणून खालचा गिअर लागतो आणि तो घाटाच्या तोंडाशीच टाकायचा. मध्येच बदलायला गेलं आणि गिअर पडलाच नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये धावते. "ज्या गेरात चढवली, त्याच गेरात उतरव बाप्पा," असं जुने ड्रायव्हर सांगत. त्यांच्या गाड्यांना ते लागू होतं. आजची ताकदवान इंजिनं तोच घाट वरच्या गिअरमध्ये चढतात, त्यामुळे उतरताना एक गिअर आणखी खालचा बरा. फेरे दाखवणारा काटा लाल पट्ट्यात मात्र जाऊ देऊ नये. चाकंच इंजिन पळवत असतील तर डिझेल कमी करून फेरे आवरणारा गव्हर्नर त्याला रोखू शकत नाही.

वेग तरीही वाढला तर ब्रेक सतत घासत ठेवू नये. ठामपणे दाबून वेग आठ-दहा किलोमीटरनी उतरवावा आणि सोडून द्यावा. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते, हेही ध्यानात असावं.

पावसात गोष्ट वेगळी. इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चालत्या चाकांवर लागतो. रिकामी गाडी आणि ओला डांबरी रस्ता असेल तर तीच चाकं घसरतात, आणि ट्रेलर असेल तर तो केबिनच्या अंगावर वळतो. अशा वेळी एक्झॉस्ट ब्रेकचं बटण बंद ठेवावं, गिअर खालचाच ठेवावा आणि वेग वळणाच्या बराच आधी, चारही बाजूंच्या चाकांना लागणाऱ्या पायाच्या ब्रेकने उतरवावा.