स्कॉट्स-आयरिश वंशशोध

स्कॉटलंडच्या सखल भागातून सतराव्या शतकात आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात येऊन वसलेली आणि पुढच्या शतकात तिथून अमेरिकेला गेलेली प्रॉटेस्टंट, बहुतांशी प्रेस्बिटेरियन (म्हणजे स्कॉटलंडच्या चर्चच्या पंथाची), कुटुंबे म्हणजे स्कॉट्स-आयरिश. त्यांच्या वंशजांनी आपले मूळ घराणे व गाव हुडकण्याचा जो खटाटोप चालवला आहे, तो या नोंदीचा विषय.

नावावरून स्कॉटिश बाप आणि आयरिश आई अशी कल्पना होते, पण ती चुकीची आहे. उत्तर आयर्लंडमध्ये याच लोकांना अल्स्टर स्कॉट्स म्हणतात. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात कॅथलिक आयरिश लोकांचे लोंढे अमेरिकेत आले, तेव्हा आधीपासून स्थिरावलेल्यांना आपण त्यांच्यातले नाही हे सांगण्याची निकड भासली आणि हे नाव रुळले. त्यामुळे अठराव्या शतकाच्या कागदपत्रांत पूर्वजाची नोंद बहुधा नुसती ‘आयरिश’ अशीच सापडते, आणि ती वाचून अनेक जण भलत्याच घराण्याच्या मागे लागतात.

पहिले स्थलांतर जवळचे होते. अल्स्टरमधील अँट्रिम परगण्याचा किनारा आणि स्कॉटलंडचे किंटायर टोक यांच्यातील समुद्र जेमतेम २० किलोमीटरचा. १६०६ मध्ये हॅमिल्टन व मॉन्टगोमेरी या दोन स्कॉटिश जमीनदारांनी डाउन व अँट्रिम परगण्यांत आपल्या मुलखातली कुळे आणून बसवली. त्यानंतर १६०९-१० पासून राजा पहिला जेम्स याने, आयरिश सरदार परागंदा झाल्यावर जप्त केलेल्या जमिनींवर, सरकारी वसाहतीची योजना राबवली. माणसे आली ती प्रामुख्याने एअरशर, गॅलोवे, रेनफ्र्यूशर, लॅनार्कशर आणि इंग्लंडच्या सीमेलगतच्या भागातून. १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये लागोपाठ पिके बुडाली, तेव्हा आणखी एक मोठी लाट आली. वंशशोधकाने हे विसरता कामा नये. ‘आमचे घराणे १६१० चे’ असे अभिमानाने सांगणारे कित्येक जण प्रत्यक्षात या उपासमारीच्या लाटेतले असतात.

दुसरे स्थलांतर अटलांटिकपारचे. १७०४ च्या कायद्याने सरकारी पदासाठी अँग्लिकन, म्हणजे राजमान्य चर्चच्या, पद्धतीने प्रभुभोजन घेण्याची अट घातली, म्हणजे प्रेस्बिटेरियनांना दार बंद झाले. वर दुसऱ्याच चर्चला दशांश कर द्यायचा. तरीही धर्मापेक्षा जमिनीच्या खंडाची झळ मोठी असावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्वस्तात दिलेले भाडेपट्टे १७१८ च्या सुमारास संपू लागले आणि जमीनदारांनी खंड वाढवला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काही जहाजे बॉस्टनला लागली. अल्स्टरमधील अ‍ॅगाडोवीचे धर्मोपदेशक जेम्स मॅकग्रेगर आपल्या अनुयायांसह याच लाटेत आले आणि न्यू हॅम्पशरमधील लंडनडेरी ही वसाहत उभी राहिली. पुढे १७२८-२९, १७४०-४१ चा दुष्काळ आणि १७७० नंतरची लिनन (जवसाच्या धाग्याचे कापड) धंद्यातील मंदी यांनी स्थलांतराला पुन्हा पुन्हा जोर दिला. १७७५ पर्यंत गेलेल्यांचे अंदाज एक लाखापासून अडीच लाखांपर्यंत बदलतात.

या प्रवासामागे जवसाचे बी होते. तलम लिननसाठी झाड बी धरण्याआधीच उपटावे लागते, त्यामुळे अल्स्टरच्या शेतकऱ्याला पेरणीचे बी दरवर्षी बाहेरून आणावे लागे. ते फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून येई. बी उतरवून परतणाऱ्या जहाजांच्या पोटात जागा रिकामी असे. ती माणसांनी भरली जाई. म्हणूनच डेरी, बेलफास्ट, न्यूरी आणि लार्न इथून निघालेले बहुतेक लोक डेलावेअर नदीवरच्या न्यूकॅसल वा फिलाडेल्फिया बंदरात उतरले. तिथून पेनसिल्व्हेनियाचा अंतर्भाग, शेननडोआ खोरे, कॅरोलायना आणि पुढे डोंगर ओलांडून केंटकी, टेनेसी असा त्यांचा माग लागतो. वाटेत त्यांनी डनिगॉल, डेरी, अँट्रिम ही गावांची नावे पेरून ठेवली. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे आईवडील १७६५ मध्ये कॅरिकफर्गसच्या परिसरातून निघाले आणि दोनच वर्षांनी कॅरोलायनाच्या वॅक्सहॉज वस्तीत त्यांचा जन्म झाला.

शोध आजपासून मागे न्यायचा असतो. प्रसिद्ध पूर्वज आधी ठरवून त्याच्यापासून खाली येणाऱ्यांच्या वंशावळी सुबक दिसतात, पण त्यांवर विश्वास ठेवू नये. जमिनीच्या सनदा, मृत्युपत्रे, १७९० पासूनच्या जनगणना ही अमेरिकेतली नेहमीची साधने. त्यांत १८३२ च्या कायद्याखालील अमेरिकन क्रांतियुद्धाच्या सैनिकांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज विशेष मोलाचे, कारण अर्जदाराला जन्म कुठे व कधी झाला हे विचारले जाई. प्रवाशांच्या यादीचा मात्र उपयोग नाही. फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मनांची नावे १७२७ पासून नोंदली गेली, कारण ते परके. अल्स्टरचे लोक त्याच राजाचे प्रजाजन, त्यांची यादी कोण करणार? सरकारी प्रवासी याद्या १८२० पासून सुरू होतात. ही उणीव थोडीफार भरून काढते ते १७३७ मध्ये सुरू झालेले ‘बेलफास्ट न्यूज-लेटर’. त्यात जहाजांच्या जाहिराती असत, आणि सुखरूप पोहोचल्यावर कप्तानाचे आभार मानणारी, प्रवाशांच्या सह्यांची पत्रेही.

खरी कसोटी आयर्लंडच्या बाजूला लागते. यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधील फोर कोर्ट्सच्या आवारातले अभिलेखागार उद्ध्वस्त झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला. १८६१ ते १८९१ च्या त्याआधीच सरकारनेच नष्ट केल्या होत्या. उरले ते वसुलीचे आणि वाटपाचे कागद: १६६० च्या दशकातील चूलपट्टीच्या याद्या, १८२३-३७ ची दशांश कराची पुस्तके, १८४७-६४ चे ग्रिफिथ यांचे जमीन व घरांचे करासाठी केलेले मूल्यमापन. १७९६ ची जवस लावणाऱ्यांची यादी तर वाचायलाही गंमतीची आहे. एक एकर लावणाऱ्याला चार चरखे, पाच एकरांना एक माग असे बक्षीस होते, आणि त्यापायी जवळजवळ ६०,००० नावे टिकली. अर्थात ती मागे राहिलेल्यांची. गेलेल्याचा भाऊ वा चुलतभाऊ तिथे भेटू शकतो. बेलफास्टचे उत्तर आयर्लंड सार्वजनिक अभिलेखागार आणि तिथलीच प्रेस्बिटेरियन इतिहास संस्था ही शोधाची मुख्य ठिकाणे. चर्चच्या नोंदवह्या फारशा जुन्या नसतात, आणि ‘टाउनलँड’ म्हणजे वाडीएवढा जमिनीचा घटक कळल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. आयर्लंडभर असे ६०,००० हून अधिक टाउनलँड आहेत.

अशा वेळी शेजारी उपयोगी पडतात. ही माणसे बहुधा मंडळी-मंडळींनी निघत. मृत्युपत्राचा साक्षीदार, लगतच्या शेताचा मालक, लग्नाचा जामीन यांपैकी एकाचे गाव सापडले की इतरांचे जवळ येते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे व दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची स्कॉटिश रीतही मदत करते, पण तिला पुरावा मानू नये. ‘मॅक’ने सुरू होणारे आडनाव स्कॉटिशच असते हा समज तर साफ खोटा. जनुकीय चाचणीची मर्यादाही इथेच दिसते: आर-एम२२२ ही पितृवंशीय खूण वायव्य आयर्लंडमध्ये सापडते तशीच सखल स्कॉटलंडमध्येही, त्यामुळे एकट्या खुणेवरून बाजू ठरत नाही. तारखांबाबतही जपावे लागते. १७५२ पर्यंत आयर्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, स्कॉटलंडमध्ये मात्र १६०० पासूनच १ जानेवारीला. फेब्रुवारीतला एकच बाप्तिस्मा दोन्हीकडे दोन वेगळ्या सालांत पडतो.