पंजा चार वेळा, वर एक बोट: वाचा आणि भाषादोषांच्या उपचारांची पार्श्वभूमी

बोलण्यात काही बिघडलं की आपली भाषा पहिला ठपका जिभेवर ठेवते. मूल उशिरा बोलतं, कारण त्याची जीभ जड. कुणी अडखळतं, कारण त्याची जीभ अडकते. एखाद्याचं बोलणं अचानक थांबलं तर त्याची वाचा बसली, म्हणजे जणू गळ्यातलंच काही खाली बसलं. हा समज एकट्या मराठीचा नाही. वैद्यकानंही जवळपास दोन हजार वर्षं जिभेवरच संशय घेतला आणि त्यापायी माणसांचे पुष्कळ हाल केले. आज पक्षाघातानंतर रुग्णाला स्पीच थेरपिस्टकडे पाठवणं साधी गोष्ट वाटते. तिथवर यायला मात्र फार उशीर लागला. बोलता न येणाऱ्या माणसाला पुष्कळ काही समजत असतं, ही साधी बाब पुन्हा पुन्हा नजरेआड होत राहिली, हे त्या उशिराचं मोठं कारण आहे.

सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक इजिप्तमधली आहे. इ. स. पू. १६०० च्या सुमाराला नकलून घेतलेल्या आणि आज ‘एडविन स्मिथ पपायरस’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गुंडाळीत जखमांची प्रकरणं क्रमानं लिहिली आहेत. त्यात कानशिलाचं हाड मोडलेला एक माणूस आहे. हाक मारली तरी तो बोलत नाही, असं वैद्य लिहितो आणि पुढे निकाल देतो: यावर उपचार करण्यासारखं काही नाही. डोक्याला मार आणि गेलेली वाचा या दोन गोष्टी एकाच नोंदीत शेजारी शेजारी आल्या होत्या. त्यांचा सांधा जुळायला पुढे तीन हजारांहून अधिक वर्षं गेली.

तोतरेपणाच्या वाट्याला उपचार आले, आणि तेच जास्त भयंकर होते. बोलण्याचं सारं खापर जिभेवर फुटलेलं असल्यानं जिभेलाच वठणीवर आणायचं, अशी दिशा ठरून गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच डॉक्टर झाँ इतार यांनी जिभेला आधार म्हणून तिच्याखाली सोन्याचा किंवा हस्तिदंताचा छोटा काटा बसवून पाहिला. १८४१ मध्ये बर्लिनचे नावाजलेले शल्यविशारद योहान डीफेनबाख तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापून काढू लागले. ईथरची भूल सर्रास वापरात यायला अजून पाच वर्षं होती, म्हणजे रुग्ण शुद्धीवर असे. शस्त्रक्रिया युरोपात झपाट्यानं पसरली आणि तितक्याच झपाट्यानं बंद पडली. डीफेनबाख हे अडाणी वैदू नव्हते. चेहरा आणि त्वचेच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. इतक्या कुशल हाताकडून हे घडलं, याचं कारण मुळातलं गृहीतक चुकीचं होतं.

ते गृहीतक ढळलं १८६१ च्या एप्रिलमध्ये, पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात.

पाय कुजल्यामुळे तिथल्या एका रुग्णाला शल्यविभागात हलवण्यात आलं आणि तो शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या हाती आला. नाव लेबोर्न्य, वय ५१. तिशीत त्याची वाचा गेली होती. काहीही विचारलं तरी तो ‘टाँ टाँ’ एवढंच म्हणे, म्हणून सगळे त्याला ‘टाँ’ म्हणूनच हाक मारत. ब्रोकांनी त्याला विचारलं, इथे किती वर्षं आहेस? त्यानं डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा चालली आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं संतापून एक शिवी हासडली. ती शिवी अगदी स्पष्ट उमटली. हे सगळं ब्रोकांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

१७ एप्रिलला लेबोर्न्य वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र संस्थेपुढे ठेवला. मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या खालच्या भागात मोठी इजा होती. काही महिन्यांनी ८४ वर्षांचा दुसरा रुग्ण आला, ज्याच्याकडे अवघे पाच शब्द उरले होते. त्याच्याही मेंदूत इजा तिथेच निघाली. आणखी रुग्ण पाहिल्यावर १८६५ मध्ये ब्रोकांनी ठामपणे मांडलं की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागानं बोलतो. या आजाराला त्यांनी दिलेलं नाव टिकलं नाही. फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी सुचवलेलं ‘अफेजिया’ रूढ झालं, ज्याला मराठीत आपण वाचाघात म्हणतो.

लेबोर्न्यला नीट नाव मिळायला मात्र दीडशे वर्षं लागली. हजारो पुस्तकांत त्याच्या मेंदूचं चित्र छापलं गेलं. तो कुठला, काय काम करायचा, हे कुणी शोधलं नव्हतं. त्याचं पूर्ण नाव लुई व्हिक्टर लेबोर्न्य होतं, तो मोरे गावी जन्मला आणि चपला-बूट शिवणाऱ्यांना लागणारे लाकडी साचे बनवायचा, हे एका पोलिश अभ्यासकानं २०१३ मध्ये जुनी कागदपत्रं चाळून उजेडात आणलं.

१८७४ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात २६ वर्षांचे डॉक्टर कार्ल व्हेर्निके यांनी उलट्या तऱ्हेचे रुग्ण दाखवले. ते भराभर बोलत, सूर आणि लय अगदी नैसर्गिक असे, पण शब्द चुकीचे किंवा निरर्थक. समोरच्याचं बोलणंही त्यांना नीट कळत नसे. इजा कानामागच्या बाजूला, मेंदूच्या मागच्या भागात. बोलण्याची जागा वेगळी, समजण्याची वेगळी आणि मध्ये त्यांना जोडणारी वाट, असा नकाशा त्यातून तयार झाला. ती वाट तुटली तर काय होईल याचं भाकीतही व्हेर्निकेंनी करून ठेवलं होतं. नकाशा मोलाचा होता, यात शंका नाही. पण पुढची काही दशकं डॉक्टरांचं लक्ष नकाशातच अडकलं. जिवंतपणी रुग्णाची लक्षणं लिहायची आणि तो गेल्यावर मेंदू कापून खूण जुळते का बघायची. या दोन टोकांच्या मधल्या वर्षांत त्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं.

विचारणाऱ्यांत लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन होते. काय गेलं यापेक्षा काय उरलं, याकडे त्यांनी बारकाईनं पाहिलं. लेबोर्न्यच्या शिवीचं कोडं त्यांच्या मांडणीत सुटतं. शिव्या, नमस्कार-चमत्कार, पाढे, प्रार्थना, पाठ असलेली गाणी हे बोलणं आपोआप येतं. विचार करून नवं वाक्य रचणं ही वेगळी क्रिया आहे. आजार बहुतेक वेळा दुसरीवर घाला घालतो आणि पहिली बरीचशी शाबूत ठेवतो. खरं तर याची खूण आधीच हाती लागलेली होती. १७४५ मध्ये स्वीडनच्या उलॉफ डालिन यांनी अशा एका माणसाची नोंद केली होती, ज्याला ‘हो’ शिवाय जवळपास काही बोलता येत नव्हतं, पण कुणी सूर धरून दिला की तो भजनं शब्दांसकट गाई. डालिन यांनी ते लिहून ठेवलं, आणि गोष्ट तिथेच थांबली.

उपचार मात्र शास्त्राच्या आतून आले नाहीत, युद्धातून आले. तोपर्यंत अफेजियाचा रुग्ण म्हणजे बहुधा वृद्ध, फार काळ न जगणारा. पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी किंवा छर्रा शिरलेले विशी-पंचविशीतले हजारो सैनिक वाचले. त्यांना अजून चाळीस-पन्नास वर्षं जगायचं होतं, कामाला लागायचं होतं. त्यांना ‘उपचार करण्यासारखं काही नाही’ म्हणून परत पाठवणं शक्यच नव्हतं. फ्रँकफर्टमध्ये कुर्ट गोल्डश्टाइन यांनी अशा जखमींसाठी संस्था उभारली, बर्लिनमध्ये हेर्मान गुट्समान आणि व्हिएन्नात एमिल फ्रोशेल्स यांनी वाचाउपचाराला रीतसर वैद्यकीय शाखेचं रूप दिलं. १९२४ मध्ये फ्रोशेल्स यांच्या पुढाकारानं व्हिएन्नात या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात हेच काम मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी युरल भागातल्या रुग्णालयात सोव्हिएत सैनिकांसोबत केलं. हरवलेली क्षमता जशीच्या तशी परत येत नसेल, तर मेंदूच्या शाबूत भागांची नवी जुळणी करून तेच काम दुसऱ्या वाटेनं साधायचं, हे लुरियांचं सूत्र आजच्या थेरपीच्याही मुळाशी आहे. ब्रिटनमध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या अडखळण्यावर काम करणारे लायनेल लोग यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. ऑस्ट्रेलियात युद्धावरून परतलेल्या सैनिकांना बोलतं करताना त्यांचा हात बसला होता. १९४५ मध्ये ब्रिटनमधल्या वाचाउपचारकांचं कॉलेज स्थापन झालं, त्याच्या संस्थापकांत ते होते.

अमेरिकेत या विषयाचं केंद्र झालं आयोवा विद्यापीठ. १९२५ मध्ये तिथे भरलेल्या छोट्याशा बैठकीतून अमेरिकेची राष्ट्रीय संघटना जन्मली. तिथल्या बिनीच्या संशोधकांपैकी वेंडेल जॉन्सन आणि चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे होते. तोतरेपणा मुलाच्या तोंडात नव्हे, पालकांच्या कानात सुरू होतो, असं जॉन्सन यांना वाटे. म्हणजे साधं अडखळणं मोठ्यांना दोष वाटतं, ते मुलाला टोकत राहतात आणि त्या धास्तीनं मूल खरोखर अडखळू लागतं.

हे तपासायला १९३९ मध्ये त्यांच्या हाताखालच्या एका विद्यार्थिनीनं आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातली २२ मुलं घेतली. त्यांतल्या व्यवस्थित बोलणाऱ्या सहा मुलांना महिनोन्‌महिने सांगण्यात आलं की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणं दिसताहेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. मुलं खरंच बोलेनाशी झाली. वर्गात उत्तरं द्यायला घाबरू लागली, शब्दाआधी थांबू लागली. प्रबंध प्रसिद्ध न होता विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्रानं प्रकरण बाहेर काढल्यावर विद्यापीठानं जाहीर माफी मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्यानं ९,२५,००० डॉलरची भरपाई मान्य केली. मला या सगळ्यात सर्वांत बोचते ती निवड. ज्यांच्या बाजूनं बोलणारं घरी कुणीच नाही, अशी मुलं शोधली गेली.

जॉन्सन यांचा सिद्धांत पुढे टिकला नाही. तोतरेपणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता पक्कं झालं आहे. सुमारे ५ टक्के मुलं कधी ना कधी अडखळत बोलतात, मोठेपणी हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास राहतं. पालक टोकतात म्हणून मूल तोतरं होतं, हा आरोप मात्र अजूनही आयांना ऐकावा लागतो. व्हॅन रायपर यांची देणगी जास्त टिकाऊ ठरली. अडखळणं दडपू नका, ते कमी ताणानं, सावकाश अडखळायला शिका, हा त्यांचा मार्ग आजही वापरात आहे.

मुलांच्या भाषेच्या बाबतीत एक वळण लंडनमधल्या एका कुटुंबानं दिलं. तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना बोलण्यात तीव्र अडचण होती. १९९० च्या सुमाराला ‘व्याकरणाचं जनुक’ सापडल्याची हवा झाली. बारकाईनं पाहिल्यावर दिसलं की त्यांना तोंडाच्या हालचालींची जुळणीच जमत नव्हती, अडचण व्याकरणापुरती नव्हती. २००१ मध्ये या कुटुंबात बिघडलेलं ‘फॉक्सपी२’ हे जनुक हाती लागलं. अशी कुटुंबं विरळ. कुठलंही ठळक कारण नसताना भाषा मागे राहणारी मुलं मात्र साधारण ७ टक्के, म्हणजे तीसच्या वर्गात दोन. त्यांच्या अडचणीला इतकी वेगवेगळी नावं होती की पालक, शिक्षक आणि डॉक्टर एकमेकांशी बोलूच शकत नव्हते. २०१७ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकारानं पन्नासहून अधिक तज्ज्ञांनी ‘विकासात्मक भाषादोष’ या एका नावावर सहमती घडवली. अशी मुलं बहुधा गप्प बसतात, आणि गप्प मुलाला आळशी किंवा मठ्ठ ठरवणं फार सोपं असतं.

एक उणीव अजून भरायची आहे. या शास्त्राचा मोठा भाग फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी रुग्णांवर उभा आहे. इंग्रजी रुग्ण शब्दांचे प्रत्यय गाळतो, म्हणून प्रत्यय गळणं हे अफेजियाचं लक्षण मानलं गेलं. पण ज्या भाषांत प्रत्ययाशिवाय शब्द उभाच राहत नाही, तिथले रुग्ण प्रत्यय गाळत नाहीत, चुकीचा लावतात. १९९० मध्ये हिंदीसह १४ भाषांची तुलना झाली, तेव्हा हा फरक स्पष्ट दिसला. आपल्या ‘घरात’मधला ‘त’ काढला तर उरणारं ‘घरा’ एकटं कुठे वापरता येतं? मराठी रुग्णाची चाचणी इंग्रजीवरून उतरवून भागणार नाही, ती मराठीच्या घडणीतूनच यायला हवी.

डालिन यांच्या गाणाऱ्या माणसाकडे परत येऊ. १९७३ मध्ये बॉस्टनच्या तीन संशोधकांनी त्या जुन्या निरीक्षणातून उपचाराची पद्धत घडवली. थेरपिस्ट रुग्णाचा डावा हात हातात घेऊन टेबलावर हलकेच ठोका देतो आणि दोनच स्वरांत रोजचं वाक्य म्हणतो: पा-णी हवं. आधी दोघं मिळून गुणगुणतात, मग थेरपिस्ट मध्येच थांबतो आणि रुग्ण पुढचं एकटा पूर्ण करतो. हळूहळू सूर काढून घेतला जातो, वाक्य उरतं. सगळ्यांना त्याचा सारखा फायदा होत नाही, पण समज शाबूत असून बोलता न येणाऱ्या काहींच्या तोंडी अनेक महिन्यांनी पहिलं वाक्य येतं ते याच वाटेनं. पक्षाघातानंतर साधारण एक तृतीयांश रुग्णांना अफेजिया होतो. त्यांच्यावरच्या ५७ चाचण्या आणि ३,००२ रुग्ण एकत्र घेऊन २०१६ मध्ये झालेल्या आढाव्यात स्पीच थेरपीनं रोजचा संवाद सुधारतो, असं दिसलं. थेरपी जास्त दिली तर लाभ जास्त, पण मध्येच सोडून जाणारेही जास्त.

२००७ मध्ये अमेरिकी आणि फ्रेंच संशोधकांनी लेबोर्न्यचा जपून ठेवलेला मेंदू एमआरआय यंत्रात घातला. ब्रोकांनी तो कापला नव्हता, म्हणून हे शक्य झालं. इजा त्यांनी पृष्ठभागावर पाहिली त्यापेक्षा कितीतरी खोल गेलेली होती, आत दूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत.

त्याआधी सहा वर्षं टोरंटोत ऑरा केगन यांनी वेगळाच प्रयोग करून पाहिला होता. अफेजिया असलेल्या माणसांशी बोलायला येणारे ४० स्वयंसेवक त्यांनी घेतले आणि त्यांतल्या निम्म्यांना शिकवलं: कागद आणि जाड पेन जवळ ठेवा, मुख्य शब्द मोठ्या अक्षरात लिहा, ‘हो’ आणि ‘नाही’ लिहून बोट ठेवायला द्या, चित्र काढा, उत्तराची वाट पाहा, आपल्याला बरोबर समजलं का ते पुन्हा विचारा. आणि समोरच्याला मोकळेपणानं सांगा, ‘तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे.’ ज्यांच्यासमोर हे शिकलेले स्वयंसेवक बसले, ते रुग्ण संभाषणात जास्त भाग घेऊ लागले, आपलं म्हणणं जास्त पोचवू लागले. त्या रुग्णांना स्वतःला काहीच शिकवलेलं नव्हतं.