हट्टी पोराला दाखवायचं, पण कोणाला?

लेकरू वर्गात टिकत नाही, भावंडांना चावतं, मनासारखं झालं नाही की भिंतीवर डोकं आपटतं. यावर गावात तीन सल्ले तयार असतात: दृष्ट काढा, दोन रट्टे द्या, नाहीतर नागपूरला दाखवा. तिसरा त्यातल्या त्यात बरा, पण अर्धवट. नागपुरात कोणाला दाखवायचं आणि मेळघाटातल्या धारणीच्या किंवा गडचिरोलीतल्या कोरचीच्या माणसाने मजुरी बुडवून किती हेलपाटे घालायचे, हे सांगणारा भेटत नाही.

सुरुवात शरीरापासून करा. कमी ऐकू येणारं पोर 'ऐकत नाही' असंच दिसतं, म्हणून कानाची तपासणी आधी. दिवसातून अनेकदा काही सेकंद एकटक बघत थांबणारं आणि हाकेने भानावर न येणारं मूल गुरुजींना बेफिकीर वाटतं. तो फिटचा एक प्रकार असू शकतो, त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी लागते. रक्त कमी असेल, रात्री घोरत असेल, झोप मोडत असेल, तरी दिवसा चिडचिड होते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही राहून जाऊ देऊ नये; सतत दुखणाऱ्या अंगाने कोण शहाण्यासारखं वागेल?

यातली पहिली चाळणी फुकट होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी घरच्या कोणीतरी तिथे हजर राहावं. अनोळखी डॉक्टरांसमोर पाच मिनिटं गप्प बसलेलं मूल सहज 'नॉर्मल' ठरतं. काही आढळलं तर पथकाकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची चिठ्ठी मागून घ्या.

जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक प्रसंगाला तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. उदाहरणार्थ, 'संध्याकाळी साडेसहा. आजीने मोबाईल घेतला. डोकं आपटलं, दहा मिनिटं. मोबाईल परत दिला.' शेवटचे तीन शब्द सगळ्यात कामाचे. 'फार त्रास देतो' या वाक्यावर तज्ज्ञाला काहीच करता येत नाही, या चार ओळींवर येतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या निरीक्षणातून हेच चक्र मांडलं: मूल आरडाओरडा करतं, मोठी माणसं माघार घेतात, क्षणभर दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वेळी आवाज आणखी चढतो. यात कोणी वाईट नसतं, फक्त दोन्ही बाजू चुकीचा धडा गिरवत असतात.

आता दवाखान्यांवरच्या पाट्यांविषयी. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि वर्तनोपचार करतो. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांचीही नोंद तिथेच असते. रोजची कामं करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी राज्याची वेगळी परिषद आहे. क्रमांक विचारायला लाजू नका. खरा माणूस रागावत नाही. नुसती 'काउन्सेलर' ही पाटी कोणीही लावतो.

नोंदणी असली म्हणजे माणूस योग्यच, असंही नाही. खेड्यातून येणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी: तो आई-बापाला खोलीत घेतो का? आठवड्याला पाऊण तास मुलाशी खेळून, दार लावून, फी घेणाऱ्याचा उपयोग थोडा, कारण उरलेला आठवडा मूल घरी असतं. लहान मुलांच्या हट्टी, मारकुट्या वागण्यावर सगळ्यात भक्कम पुरावा पालकांना शिकवण्याच्या पद्धतीचाच आहे. सहा वर्षांखालच्या अतिचंचल मुलातही औषधाआधी तीच वापरतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: घरी आम्ही नेमकं काय करायचं? आजी-आजोबांना कसं सांगायचं? मधल्या भेटी फोनवर होतील का? आणि किती भेटींनंतर फरक मोजायचा? वहीतले प्रसंग मोजून उत्तर देणारा माणूस धरावा. वही न बघताच 'वीस सिटिंगचं पॅकेज' सांगणाऱ्याला रामराम. पहिल्याच भेटीत, शाळेतलं काही न विचारता, 'एडीएचडी', म्हणजे अतिचंचलतेचा विकार, लिहून देणाऱ्यालाही. त्या निदानासाठी लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, सहा महिने तरी दिसावी लागतात.

चांगला सल्लाही बहुतेक घरांत एकाच जागी फसतो. रडण्यावर मोबाईल द्यायचा नाही असं ठरलं की पहिले काही दिवस रडणं कमी होण्याऐवजी वाढतं. पूर्वी चालणारी किल्ली चालेना, म्हणून मूल ती जोरात फिरवून बघतं. नेमकं तेव्हाच कोणीतरी 'जाऊ दे, देऊन टाक' म्हणतं, आणि मूल शिकतं की जास्त वेळ रडावं लागतं, पण मिळतं. घरात सगळे एकमताचे नसतील तर सुरुवातच करू नये, थोडं थांबावं. कापूस वेचणीच्या धामधुमीतही नको. डोकं आपटत असेल तर न बोलता, न रागावता मध्ये उशी धरावी. दुर्लक्ष हट्टाकडे करायचं असतं, इजेकडे नाही.

आलेली भाषा मूल विसरायला लागलं, मरणाच्या गोष्टी बोललं किंवा स्वतःला जखमा करू लागलं, तर वही-बिही राहू द्या, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.