रेशीम संगोपनगृहातील उबदार हवेचे अभिसरण

हिवाळ्यात रेशीम कीटकांच्या शेडमध्ये हीटरने किंवा शेगडीने केलेली ऊब पंख्याच्या साह्याने छताच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत सारखी पसरवण्याची पद्धत. थंड देशांत तापवलेली गॅरेजे आणि कार्यशाळा यांच्यात छताशी साचलेली गरम हवा खाली आणण्यासाठी पंखे वापरतात, त्यामागचे तत्त्व हेच. मराठवाड्यात गॅरेज तापवायची वेळ येत नाही. मात्र तुतीवर आळ्या जोपासणाऱ्या शेतकऱ्याला डिसेंबर-जानेवारीत शेड तापवावेच लागते. परभणीत थंडीच्या लाटेत पारा पाच अंश सेल्सिअसच्याही खाली उतरलेला आहे आणि आळीला हवे असतात 24 ते 28 अंश.

रेशीम अळी थंड रक्ताची असते, त्यामुळे तिचे तापमान भोवतालच्या हवेवर ठरते. पहिल्या अवस्थेत तिला सुमारे 28 अंश लागतात, पुढे प्रत्येक अवस्थेत साधारण एक अंश कमी होत पाचव्या अवस्थेत 24 अंश पुरतात. गारठा वाढला की ती पाला कमी खाते, बॅच लांबते आणि कोष हलके पडतात. थंडी आणि दमटपणा एकत्र आले तर मस्कार्डिन या बुरशीजन्य रोगाला वाट मिळते.

गरम हवा हलकी असते. 20 अंशांना एक घनमीटर हवेचे वजन समुद्रसपाटीला सुमारे 1.20 किलो, 30 अंशांना 1.16 किलो. फरक एवढासाच, पण बंद शेडमध्ये तेवढ्याने हवेचे थर पडतात. पन्नास फूट लांब, वीस फूट रुंद, बारा फूट उंच शेडमधली नुसती हवा दहा अंशांनी तापवायला हिशेबाने सुमारे एक युनिट वीज पुरेल. खरा खर्च भिंती, फटी आणि विशेषतः तापलेला पत्रा यांतून निसटणाऱ्या उष्णतेचा. ऊब पत्र्याखाली जितकी साचेल तितकी ती बाहेर जाते आणि हीटर रात्रभर चालूनही रॅकचा खालचा कप्पा गारच राहतो.

या असमानतेचा फटका कात टाकताना बसतो. वरच्या कप्प्यातल्या आळ्या आधी मोल्टला बसतात, म्हणजे कात टाकण्यासाठी खाणे थांबवतात, आणि आधी उठतात, खालच्या मागे राहतात. जवळजवळ सगळ्या आळ्या उठल्यावरच पुन्हा पाला टाकायचा असतो. उठलेल्यांसाठी घाई केली तर न उठलेल्या पाल्याखाली दबतात, थांबावे तर उठलेल्या उपाशी राहतात. अशी मागे-पुढे झालेली बॅच चंद्रिकेवरही, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या जाळीवरही, एकदम चढत नाही. काही कोष तयार, काही आळ्या अजून खात असलेल्या, अशा अवस्थेत काढणी करणाऱ्याचे हाल होतात. म्हणून हिवाळ्यात शेडमधल्या हवेचा सारखेपणा हा हीटरच्या ताकदीइतकाच मोलाचा मानायला हवा.

पंखा हवा तापवत नाही, मोटरची थोडी उष्णता सोडली तर. साधा छतपंखा सुमारे 75 वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे हीटरच्या मानाने फार थोडी. उलटा फिरणारा पंखा मध्यभागची हवा वर ओढतो आणि ती छताला लागून भिंतींच्या कडेने खाली उतरते, त्यामुळे आळ्यांवर थेट झोत येत नाही. उलटा फिरणारा पंखा नसेल तर उभा पंखा भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून सर्वांत कमी वेगावर ठेवावा. थेट झोताने पाला तासाभरात मलूल होतो आणि आळ्या तो सोडून देतात. रॅकच्या कडेला कापसाचा तंतू बांधून पाहावा: तो हळूच हलला तर वेग योग्य, आडवा झाला तर जास्त. अगरबत्तीच्या धुराने तपासणी करू नये, तो धूर आळ्यांना घातक आहे. एक तापमापक वरच्या कप्प्यात, दुसरा खालच्यात टांगला आणि दोन अंशांहून अधिक फरक दिसला की पंखा लावायची वेळ झाली असे समजावे.

ओलाव्याकडे मात्र दुर्लक्ष होते. 10 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा पाणी न घालता 25 अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता तीसएक टक्क्यांवर येते. चॉकीतल्या, म्हणजे पहिल्या दोन अवस्थांतल्या, बाल्यकीटकांना 80 ते 90 टक्के, पाचव्या अवस्थेला 65 ते 70 टक्के लागते. त्यामुळे ओले गोणपाट टांगणे, जमिनीवर पाणी शिंपडणे हे पंख्याच्या जोडीने करावे लागते. मोल्टच्या काळात मात्र बिछाना कोरडा हवा. चुना किंवा निर्जंतुक भुकटी धुरळताना पंखा बंद ठेवावा.

अभिसरण म्हणजे वायुवीजन नव्हे. आतलीच हवा फिरवल्याने विष्ठेतून सुटणारा अमोनिया आणि शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड शेडमध्येच राहतो. पऱ्हाट्या किंवा कोळसा आत पेटवून दारे-पडदे लावून झोपणे माणसाच्याही जिवावर बेतते. शेगडी वापरायचीच असेल तर निखारे बाहेर पेटवून, धूर संपल्यावरच आत आणावेत. तेवढ्याने कार्बन मोनॉक्साइड थांबत नाही, म्हणून वरची झडप थोडी उघडी ठेवावी आणि त्या शेडमध्ये कोणी झोपू नये. दुपारी ऊन तापल्यावर पडदे उचलून हवा बदलून घ्यावी.

चंद्रिकेवर हवा फिरती असणे सर्वांत उपयोगी ठरते. कोष विणण्याआधी अळी द्रवरूप मलमूत्र टाकते. तो ओलावा साचून राहिला तर कोषावर डाग पडतात आणि धागा नीट उलगडत नाही. म्हणून चंद्रिकेच्या वेळी 24 अंशांच्या आसपास तापमान आणि 60 ते 65 टक्के आर्द्रता राखून मंद पंखा सलग चालू ठेवणे इष्ट.

2018 मध्ये जालन्यात रेशीम कोष बाजार सुरू झाला. त्याआधी मराठवाड्यातले कोष प्रामुख्याने कर्नाटकातल्या रामनगरला जात. आता घराजवळच्या लिलावात कोषाची प्रत पाहून बोली लागते आणि हिवाळी बॅचमधल्या डागी, पातळ कोषांचा तोटा शेतकऱ्याला त्याच दिवशी कळतो.