पोर्टलंडमध्ये सात फुटी पोराचं नाव निघालं की १९८४ का निघतं

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स ही टीम यंदा कॉलेजमधला अमुक एक सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) घेणार अशी नुसती कुजबुज झाली तरी फॅन्सचं भांडण सुरू होतं. सुरुवात त्या पोराच्या खेळावरून होते, पण दहा मिनिटांत गाडी १९८४ वर येते, मग २००७ वर, आणि तो पोरगा बाजूलाच राहतो. पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हरटनकडे नोकरीसाठी गेलेली आपली बरीच मंडळी आहेत, तिथे नवीन आलेल्या माणसाला हे प्रकरण काय आहे तेच कळत नाही, म्हणून जरा मागून सांगतो.

आधी ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू टीम्सनी निवडून घेणं. आपल्या डोळ्यासमोर लगेच आयपीएलचा लिलाव येतो, पण हे तसं नाहीये, इथे बोली लागत नाही, नंबर लागतो. गेल्या सीझनला ज्या टीमची वाट लागली तिला साधारण आधी निवडायला मिळतं. १९८४ पर्यंत पहिला नंबर कोणाचा हे दोन्ही कॉन्फरन्समधल्या (लीगचे दोन गट) तळाच्या टीममध्ये नाणं उडवून ठरायचं, १९८५ पासून लॉटरी आली. एका नंबरला एकच पोरगा. तुम्ही सोडलेला पोरगा कुठेतरी जाणारच आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तुमच्याच विरुद्ध खेळणार, सगळी जळजळ इथे आहे.

त्यात पोर्टलंड हे काही न्यूयॉर्क नाही. कितीतरी वर्षं गावात मोठ्या लीगची हीच एक टीम होती, फुटबॉलवाले टिंबर्स एमएलएस या फुटबॉल लीगमध्ये आले तेच २०११ ला. १९७४ ला पहिल्या नंबरवर बिल वॉल्टन नावाचा सेंटर घेतला आणि त्याने १९७७ ला फिलाडेल्फियाविरुद्ध ०-२ ने मागे असताना ४-२ ने फायनल जिंकून दिली. ती आजपर्यंतची एकमेव चॅम्पियनशिप. तिथून १९९५ पर्यंत घरच्या सलग ८१४ मॅचेस हाउसफुल गेल्या! म्हणजे या गावाने सुख पाहिलं ते एका उंच माणसामुळे, आणि १९७८ ला त्याच माणसाचा पाय दुखापतीने गेला. (त्याच्याही आधी १९७२ ला पहिल्याच नंबरवर लरू मार्टिन नावाचा सेंटर घेऊन बॉब मॅकाडू सोडला होता, पण ते आता म्हाताऱ्या फॅन्सनाच आठवतं.)

आता १९८४. दुसरा नंबर पोर्टलंडकडे आला तो इंडियाना टीमचा होता, १९८१ मध्ये टॉम ओवेन्स हा खेळाडू त्यांना देऊन घेतलेला. नाणं उडलं, ह्यूस्टन जिंकलं आणि हकीम ओलाजुवॉन तिकडे गेला. राहिले केंटकीचा सॅम बोवी आणि नॉर्थ कॅरोलायनाचा मायकेल जॉर्डन. जॉर्डनच्या जागेवर पोर्टलंडकडे जिम पॅक्सन होता आणि आदल्याच वर्षी १४ व्या नंबरवर क्लाइड ड्रेक्सलर मिळालेला, वर त्याच महिन्यात किकी वँडवेगला आणताना वेन कूपर हा सेंटर देऊन टाकलेला. मग सेंटर हवा, म्हणून बोवी. आता हे वाचायला वेड्यासारखं वाटतं पण तेव्हा सेंटरशिवाय चॅम्पियनशिप नाही असंच सगळे मानायचे आणि पोर्टलंडने तर ते स्वतः अनुभवलेलं होतं.

पण बोवी डाव्या नडगीच्या हाडामुळे कॉलेजचे दोन पूर्ण सीझन बसून होता. पोर्टलंडच्या डॉक्टरांनी त्याला भरपूर तपासलं. नंतर २०१२ च्या एका डॉक्युमेंटरीत त्याने स्वतःच सांगितलं की डॉक्टर छोट्या हातोडीने नडगीवर ठोकून दुखतंय का विचारायचे तेव्हा आतून दुखत होतं आणि तो नाही म्हणायचा. त्याला मी दोष देऊ शकत नाही, आपल्या माणसांसाठी त्या वयात कोणीही तेच केलं असतं. पहिल्या सीझनला ७६ मॅचेस खेळला, मग ३८, मग ५, मग एकही नाही, मग २०. तिकडे जॉर्डनच्या सहा चॅम्पियनशिप, त्यातली १९९२ ची तर पोर्टलंडलाच हरवून. त्या फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये हाफटाइमपर्यंतच त्याचे ३५ पॉइंट झाले होते.

मग २००७. पहिल्या नंबरचा चान्स ५.३ टक्के आणि लॉटरी लागली पोर्टलंडला. पहिला कोण यावर देशभर वाद पेटलेला आणि पुन्हा तोच पेच: सेंटर की स्कोरर? ओहायो स्टेटचा ग्रेग ओडन, सात फूट, उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं म्हणून फ्री थ्रो डाव्या हाताने टाकायचा आणि तरी टीमला कॉलेजच्या फायनलला घेऊन गेला, हरलेल्या त्या फायनलमध्ये याचे २५ पॉइंट, १२ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं). दुसरा टेक्ससचा केविन ड्युरंट, मॅचमागे २५.८ पॉइंट, ११.१ रिबाउंड, पहिल्याच वर्षात नेस्मिथ अवॉर्ड (कॉलेजमधला सर्वोत्तम खेळाडू) मिळवणारा पहिला खेळाडू, पण अंगाने काटकुळा, ड्राफ्टच्या आधीच्या टेस्टमध्ये १८५ पौंडांचा बार एकदाही उचलू शकला नाही. त्या बारचा किस्सा तेव्हा इतका चघळला गेला की त्याचा शॉट बाजूला पडला. आणि ज्यांना जॉर्डन सोडल्याचं दुःख होतं ते ओरडत होते की परत तीच चूक करू नका.

पोर्टलंडने ओडन घेतला. सप्टेंबर २००७ मध्ये, एकही मॅच खेळायच्या आधी, उजव्या गुडघ्याचं मायक्रोफ्रॅक्चर ऑपरेशन झालं. यात हाडाला बारीक भोकं पाडतात, त्यातून आलेलं रक्त गोठून तिथे कूर्चेसारखा थर तयार व्हावा म्हणून. पहिला सीझन तिथेच गेला. पुढच्या वर्षी तो ६१ मॅचेस खेळला आणि टीमने सीझनभरात एकूण ५४ जिंकल्या. तिसऱ्या वर्षी खेळ खरंच उघडला होता, २४ मिनिटांत ११ पॉइंट आणि साडेआठ रिबाउंड असा ॲव्हरेज, आणि ५ डिसेंबर २००९ ला ह्यूस्टनविरुद्ध शॉट ब्लॉक करायला उडी मारली तर डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. पुढे त्या गुडघ्याचंही मायक्रोफ्रॅक्चर झालं. पोर्टलंडसाठी एकूण ८२ मॅचेस, म्हणजे बरोब्बर एका सीझनएवढ्या. ड्युरंट २०१४ ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि २०१७, २०१८ ला चॅम्पियन.

माझं म्हणणं एवढंच आहे की बोवी आणि ओडन ही दोन नावं एका दमात घेऊ नका. १९८४ ला पोर्टलंडने रिकामी जागा बघितली आणि त्या जागेत बसेल असा माणूस शोधला, दोन वर्षं मोडलेला पाय समोर दिसत असताना. ती विचाराची चूक होती. २००७ ला जागेचा प्रश्नच नव्हता, सेंटरच्या आसपास लामार्कस ऑल्ड्रिज होताच की! तेव्हा ओडन हाच सगळ्यात चांगला खेळाडू आहे असं लीगमधल्या बहुतेकांना वाटत होतं, म्हणून घेतला. तो गुडघा गेला हे दुर्दैव. याच टीमच्या ब्रँडन रॉयचे गुडघेही त्याच सुमारास गेले, त्याची निवड चुकली असं कोणी म्हणत नाही.

पण दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. २०२४ ला सातव्या नंबरवर कनेक्टिकटचा डॉनोव्हन क्लिंगन मिळाला, सात फूट दोन इंच, लागोपाठ दोन वर्षं कॉलेज चॅम्पियन टीममधला. टीममध्ये डिआंद्रे एटन आणि रॉबर्ट विल्यम्स हे दोन सेंटर आधीच होते, म्हणजे यावेळी रिकाम्या जागेसाठी घेतला असं म्हणायची सोयच नव्हती. आणि तरी त्याचे ब्लॉक किती, रिबाउंड किती हे राहिलं बाजूला, कॉलेजच्या शेवटच्या सीझनला उजव्या पावलाच्या दुखापतीने काही मॅचेस बाहेर बसला होता, ते आधी निघालं.