कॉलेजात ठेवलेली बॅग, मोबाइल किंवा लॅपटॉप चोरीला गेला तर: तक्रार कुठे करायची, कोण करू शकतं, कागद कोणते लागतात

लायब्ररीत बॅग आत नेऊ देत नाहीत. परीक्षेच्या वर्गात मोबाइल चालत नाही. जिमखान्यात खेळायला उतरलं की सगळं सामान बाकावर. मुंबईतल्या कॉलेजांत मुलांचं सामान मागे राहतं ते बऱ्याचदा नियम पाळल्यामुळेच. रॅकच्या वर ‘सामान स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावे’ अशी पाटी असते आणि ती वाचून कितीतरी मुलं चोरी झाल्यावर गप्प बसतात. गप्प बसू नका. त्या पाटीमुळे चोराचा गुन्हा कमी होत नाही, आणि पोलिसांनी तुमची तक्रार घेऊ नये असंही तिच्यामुळे ठरत नाही.

चोरी असेल तर चोरीचीच तक्रार द्या

हरवलेल्या वस्तूंची नोंद मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. ते सोपं असल्यामुळे बरेच जण तीच वाट धरतात. लोकलमध्ये छत्री विसरली, ओळखपत्र कुठे पडलं कळत नाही, अशा वेळी ही नोंद योग्यच. पण बॅग रॅकवर ठेवून तुम्ही आत गेलात आणि तासाभराने बाहेर आल्यावर ती जागेवर नसेल, तर ती कोणीतरी उचलली आहे. गहाळ नोंदीवर चोरीचा तपास होत नाही आणि विमा असला तरी चोरीचा दावा तिच्या जोरावर उभा राहत नाही. तेव्हा ‘गहाळ लिहून द्या, लवकर काम होईल’ असं कोणी सुचवलं तरी नम्रपणे सांगा की वस्तू कुठे, किती वाजता ठेवली होती हे मला नक्की माहीत आहे, तक्रार चोरीची लिहायची आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा कायदा) लागू आहे. तिच्या कलम 303 मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हॉस्टेलच्या खोलीतून वस्तू गेली तर राहत्या जागेतली चोरी म्हणून कलम 305 लागतं, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणून हॉस्टेलच्या मुलांनी ‘कॅम्पसमध्ये’ असं मोघम न लिहिता खोली क्रमांकासह जागा लिहावी.

आता किमतीचा मुद्दा. कलम 303 खालची चोरी पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल तर ती अदखलपात्र धरली जाते. मग एफआयआरऐवजी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यामुळे बॅगेत काय काय होतं याची यादी घाईघाईत करू नका. नुसतं ‘एक काळी सॅक’ लिहिलं की किंमत हजार रुपये. त्याच सॅकमध्ये सायंटिफिक कॅल्क्युलेटर, इअरफोन, चार्जर, चष्मा आणि पुस्तकं असतील तर बेरीज सहज पाच हजारांच्या पुढे जाते. प्रत्येक वस्तू, तिची कंपनी, खरेदीचा महिना आणि किंमत लिहा. फुगवून मात्र काहीही लिहू नका, कारण जबाबावर सही तुमची असते. सरांच्या सह्या झालेली जर्नल बॅगेत गेली असतील तर तीही यादीत घ्या. त्यांना बाजारात किंमत नाही, पण टर्मवर्कसाठी विभागाला सांगताना हीच तक्रार पुढे करता येते.

कोण तक्रार देऊ शकतं, आणि कुठे

ज्याची वस्तू गेली तो तर देऊ शकतोच, पण गुन्ह्याची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती देऊ शकते. अकरावी-बारावीच्या मुलांनाही आडकाठी नाही. आई, बाबा किंवा कॉलेजमधलं कोणी मोठं सोबत असलं की बोलणं सोपं जातं, एवढंच. फी काही नाही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या.

कॉलेज ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे गेलात तर काम लवकर पुढे सरकतं. पण तशी सक्ती नाही. कॉलेज माटुंग्याला, तुम्ही राहता डोंबिवलीला आणि बॅग रिकामी झाल्याचं घरी पोचल्यावर कळलं, तर डोंबिवलीतही तक्रार देता येते. तिथे झिरो एफआयआर नोंदवून तो मुंबईकडे पाठवतात. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. वस्तू कॉलेजात नव्हे तर ट्रेनमध्ये किंवा फलाटावर गेली असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा.

दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस आदेशाशिवाय करू शकतात) असूनही ठाणे अंमलदार नोंदवत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तक्रार आणि तपासाची पद्धत ठरवणारा कायदा) कलम 173(4) प्रमाणे हीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. त्यानंतरचा मार्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्जाचा. नोंद झाल्यावर तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

कागदपत्रं

कॉलेजचं ओळखपत्र (तेच चोरीला गेलं असेल तर फी भरल्याची पावती), आधार किंवा दुसरा सरकारी ओळखीचा पुरावा, वस्तूचं बिल. बिल नसेल तर ऑनलाइन खरेदीचा ईमेल किंवा खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो न्या. मोबाइलसाठी 15 अंकी आयएमईआय क्रमांक लागतो. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. लॅपटॉपसाठी सिरियल नंबर.

कॉलेजला द्यायचा अर्ज त्याच दिवशी

पोलिसांइतकीच घाई इथे करा. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरची जागा भरली की जुन्यावर नवं चित्रीकरण चढतं. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज पुरतो: ‘दिनांक अमुक रोजी सकाळी 11.10 ते 12.25 या वेळेत ग्रंथालयाबाहेरील रॅकवरून माझी बॅग चोरीस गेली आहे. या वेळेचे ग्रंथालय प्रवेशद्वार, जिना व मुख्य गेट येथील चित्रीकरण पोलीस तपासासाठी जतन करावे, ही विनंती.’ दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. चित्रीकरण तुमच्या हाती देतीलच असं नाही. पोलीस ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली लेखी मागवू शकतात. ते पुसलं जाऊ नये एवढ्यासाठी हा अर्ज. गेटवरच्या सुरक्षा रक्षकाच्या नोंदवहीतही वेळ लिहून घ्या.

मोबाइल गेला असेल तर

आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा आणि बँकेला यूपीआय थांबवायला सांगा. खात्यातून पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच फोन करा. मग तक्रार, मग त्याच नंबरचं नवं सिम. त्यानंतर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरच्या सीईआयआर सुविधेत (चोरीचे फोन बंद करण्यासाठीची यंत्रणा) हँडसेट ब्लॉक करण्याचा अर्ज. त्यात आयएमईआय, पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखीचा पुरावा लागतो, शिवाय ओटीपी येतो. नव्याने घेतलेल्या सिमवर एसएमएस 24 तासांनी सुरू होतात, त्यामुळे ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका, दुसऱ्या दिवशी अर्ज भरा. ब्लॉक केला तरी पोलिसांना फोनचा माग काढता येतो.

आजच करून ठेवण्यासारखं

फोनवर *#06# दाबा, येणारे क्रमांक वहीत लिहा आणि घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. ते फक्त त्याच फोनमध्ये ठेवले तर फोनसोबतच जातील. लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलाचा फोटोही पाठवा. मूळ गुणपत्रिका बॅगेत घेऊन फिरू नका. दाखवण्यापुरतं डिजिलॉकर चालतं. कॉलेजात लॉकर असतील तर सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज करा, कारण ते पटकन संपतात. लॉकर नसतील तर चार-पाच जणांनी मिळून ग्रंथपालांना लेखी विनंती करा: बॅग ठेवताना टोकन मिळावं आणि टोकन दाखवल्याशिवाय कोणाला बॅग देऊ नये. बॅगा बाहेर ठेवण्याचा नियम कॉलेजचा असेल तर त्या सांभाळायला माणूस असावा, ही मागणी रास्त आहे आणि ती विद्यार्थी परिषदेने लावून धरायला हवी.

वस्तू सापडली तर

जप्त झालेली वस्तू मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होते. ती परत मिळवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. सोबत एफआयआरची प्रत, बिल आणि ओळखपत्र जोडायचं. फोन हाती आल्यावर सीईआयआरमध्ये ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी टाकून तो अनब्लॉक करा, नाहीतर त्यात कोणतंही सिम चालणार नाही.